चार बाय दहाच्या गॅलरीत बाग: झाडं सगळ्यात शेवटी आणा

पहिला पाऊस झाला की नर्सरीत गर्दी उसळते. डिकीत दोन मोगरे, एक गुलाब, एक अनंत आणि 'सावलीत पण येतं हो' असं सांगून दिलेलं काहीतरी पट्ट्यापट्ट्यांचं. घरी आल्यावर जिथे जागा दिसेल तिथे कुंडी टेकवायची. दिवाळीपर्यंत निम्म्या कुंड्यांत काड्या उरतात आणि "आमच्या हाताला झाडं लागत नाहीत" असं म्हणून विषय संपतो. हाताचा यात काही दोष नसतो. कामाचा क्रम उलटा झालेला असतो.

लहान जागेत आधी ऊन बघायचं, मग वजन, वारा आणि पाणी, मग आपण स्वतः कुठे उभं राहणार ते. त्यानंतर कुंड्या, मग माती, आणि झाडं अगदी शेवटी. इथे मी फ्लॅटची साधी गॅलरी धरून चाललो आहे, साधारण चार फूट बाय दहा फूट, पुणे-मुंबई पट्ट्यातली. तुमच्याकडे खिडकीबाहेरची बॉक्स ग्रील असेल, नाहीतर बंगल्यामागची बोळकंडी असेल, तरी क्रम हाच ठेवा.

खडूने ऊन आखा

एका सुट्टीच्या दिवशी गॅलरी रिकामी करून झाडून घ्या आणि मुलांकडचा खडू घ्या. सकाळी आठ वाजता फरशीवर ऊन जिथपर्यंत आलंय तिथे रेघ मारा, बाजूला '८' लिहा. मग दहा, बारा, दोन, चार. भिंतीवर ऊन चढत असेल तर तिथेही खूण करा. संध्याकाळी फरशीवर जो नकाशा तयार होतो त्याच्याइतकी कामाची माहिती तुम्हाला कुठलाही दुकानदार देणार नाही. एकाच गॅलरीत उजवा कोपरा पाच तास उन्हात आणि डावा कोपरा जेमतेम तासभर, असा फरक निघतो. समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी, शेजाऱ्याची शेड, खालून वाढलेलं गुलमोहराचं झाड, सगळं या नकाशात आपोआप येतं.

पाच-सहा तास थेट ऊन मिळालं तर फुलं आणि फळभाज्या. तीन-चार तासांत पालेभाज्या, पुदिना, गवती चहा, अबोली. त्याहून कमी असेल तर पानांच्या शोभेवर समाधान मानायचं. लख्ख उजेड आणि थेट ऊन यांत गल्लत करू नका. आपल्या डोळ्यांना उजेड भरपूर वाटतो, मोगऱ्याला तो पुरत नाही. असा मोगरा लांबलचक हिरवा वाढतो आणि कळी काही धरत नाही.

आता दिशेचा मुद्दा. पूर्वेची गॅलरी मिळालेल्याने नशीबवान समजावं. सकाळचं ऊन कोवळं असतं आणि दुपारी झाडांना सावली मिळते, त्यामुळे तिथे जवळजवळ काहीही येतं. पश्चिमेला ऊन भरपूर असतं, पण एप्रिल-मेमध्ये ते दुपारी अडीचनंतर भाजून काढतं. उत्तरेला उन्हाळा सोडला तर थेट ऊन जवळजवळ नाहीच.

दक्षिणेची गॅलरी मात्र फसवी. पुणं साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेर भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, त्यामुळे ऊन वरच्या स्लॅबखालून थेट आत, भिंतीपर्यंत येतं. मे महिन्यात तोच सूर्य दुपारी डोक्यावर येतो, नंतर किंचित उत्तरेकडेही झुकतो, आणि वरच्या मजल्याच्या गॅलरीची सावली तुमच्या सगळ्या गॅलरीवर पडते. म्हणजे थंडीत आखलेला नकाशा उन्हाळ्यात निम्मा खोटा ठरतो. दक्षिणेच्या गॅलरीत एकदा डिसेंबर-जानेवारीत आणि एकदा एप्रिल-मेमध्ये असे दोनदा खडू फिरवा. तोवर थांबवत नसेल तर सगळी झाडं हलवता येतील अशाच कुंड्यांत ठेवा.

गॅलरीला किती झेपतं

आपल्याकडे इमारतींच्या भारासाठी जे भारतीय मानक वापरतात त्यात घराच्या गॅलरीसाठी चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भार धरलेला असतो. त्यात माणसं, खुर्च्या, वॉशिंग मशीन, सगळं आलं. आकडा मोठा वाटतो, म्हणून थोडं गणित करू. कठड्याला लागून विटांचा वाफा करून त्यात फूटभर साधी माती भरली, तर ओली झाल्यावर ती एका चौरस मीटरला ५०० किलोच्या वर जाते. म्हणजे एका फुटाच्या वाफ्यानेच मर्यादा ओलांडली. गॅलरीत वाफा बांधून देणारे कारागीर सहज मिळतात. त्यांना चहा पाजा आणि परत पाठवा.

कुंड्यांचं वजन आटोक्यात राहतं, पण अंदाज हवा. नेहमीच्या बारा इंची कुंडीत साधारण चौदा-पंधरा लिटर माल बसतो. निव्वळ लाल माती भरून पाणी घातलं तर कुंडी धरून पंचवीस किलोच्या आसपास, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि खताचं हलकं मिश्रण भरलं तर पंधरा-सोळा. अठरा इंची ग्रो बॅग, म्हणजे झाडं लावायची जाड पिशवी, घेताना लोकांना कल्पना नसते की ती काठोकाठ भरली तर सत्तर लिटरची होते. ती एकदा भरली की तिथून हलत नाही. वजनकाटा घरात असेल तर एक भिजलेली कुंडी त्यावर ठेवूनच बघा.

जड कुंड्या इमारतीच्या भिंतीला लागून ठेवायच्या, हलक्या कठड्याकडे. जुन्या इमारतीत गॅलरीच्या खालच्या बाजूला प्लास्टर सुटून गंजलेल्या सळया दिसत असतील, किंवा चाळीची लाकडी गॅलरी असेल, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एकही मोठी कुंडी नको.

कठड्यावर कुंडी ठेवायची नाही, तारेने बांधूनही नाही. लांबट रेलिंग-कुंड्या घेतल्या तर त्या ग्रीलच्या आतल्या बाजूला अडकवा. पाचव्या मजल्यावरून पडलेल्या कुंडीखाली कोण असेल हे आपल्या हातात नसतं. मुंबईतल्या बॉक्स ग्रीलवाल्यांना आणखी एक सांगणं: आग लागली तर बाहेर पडायला ठेवलेलं ग्रीलचं दार कुंड्यांनी अडवू नका. त्याची किल्लीही जागच्या जागी असू द्या.

पाणी कुठे जाणार?

सोसायटीत बागेवरून होणारी बहुतेक भांडणं एकाच कारणाची: वरच्यांच्या कुंडीचं तांबडं पाणी खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. म्हणून गॅलरीचा उतार कुठे आहे ते आधी पाहा. एक तांब्या पाणी ओतलं की कळतं. ते पाणी जायच्या जाळीकडे जात असेल तर उत्तम. जाळीभोवती फूटभर जागा मोकळी ठेवा, कारण पानं आणि माती तिथेच जाऊन अडकतात आणि साफ करायला हात पोचला पाहिजे. पाणी भिंतीकडे किंवा खोलीच्या उंबऱ्याकडे येत असेल तर बागेच्या आधी फरशीचं काम करून घ्या, नाहीतर खालच्या घराच्या छताला ओल धरेल आणि खापर तुमच्या झाडांवर फुटेल.

कुंडी थेट फरशीवर टेकवायची नाही. लोखंडी स्टँड, विटेचे तुकडे, लाकडी फळी, काहीही चालेल, पण खाली दोन बोटं हवा खेळली पाहिजे. ताटली ठेवायची तर ती आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पावसाळ्यात पालिकेचे लोक घरी येऊन ताटल्या तपासतात ते उगाच नाही. मी तर जून ते ऑक्टोबर ताटल्या उचलूनच ठेवतो.

वाऱ्याचं एका वाक्यात सांगतो: सातव्या-आठव्या मजल्याच्या वर वारा माती उन्हापेक्षा लवकर सुकवतो आणि उंच झाड कुंडीसकट आडवं करतो, तेव्हा तिथे रुंद बुडाच्या कुंड्या आणि ठेंगणी झाडं बरी. समुद्रासमोर राहणाऱ्यांच्या झाडांची पानं खाऱ्या वाऱ्याने कडेने करपतात. तिथे बोगनवेल, सदाफुली, ऑफिस टाइम (पोर्तुलाका) टिकाव धरतात.

बादल्यांची बाग

आता आराखडा. चौकटीच्या वहीचं पान घ्या, एक चौकट म्हणजे सहा इंच धरा आणि गॅलरी काढा. दार कुठे उघडतं, एसीचं बाहेरचं युनिट कुठे आहे, कपड्यांची दोरी कुठून जाते, जाळी, नळ, वॉशिंग मशीन. हे सगळं हलणारं नाही, म्हणून आधी कागदावर येऊ दे. एसीच्या गरम झोतात तीन फुटांपर्यंत काही जगत नाही, तो भाग खोडून टाका. दारापासून कठड्यापर्यंत किमान दोन फूट रुंद वाट सोडा. कपडे वाळत घालताना बादली घेऊन वळता आलं पाहिजे. नाहीतर घरातलं कोणीतरी रोज कुंडीला पाय लागून चिडेल आणि सहा महिन्यांत बाग बंद पडेल.

मग उरलेल्या जागेचं काय करायचं? इथे एकच गोष्ट ठरवा. सकाळी चहा घेत बसायला जागा हवी, की स्वयंपाकाला मिरची-कढीपत्ता हवा, की देवाला रोजची फुलं, की समोरची खिडकी झाकायला हिरवा पडदा? चाळीस चौरस फुटांत चारही बसवायला गेलं तर चारही अर्धवट होतात. एक मुख्य धरा, दुसरं जमल्यास.

कागदावर जमलं की लगेच खरेदीला पळू नका. घरातल्या बादल्या, पिठाचे डबे, स्टूल, उलटी टोपली, जे सापडेल ते कुंड्यांच्या जागी मांडा. बारा इंची कुंडीला साधारण बादलीएवढी जागा लागते. आठवडाभर तसंच राहू द्या. खुर्चीत बसल्यावर नजरेसमोर काय येतं, दार पूर्ण उघडतं का, केर काढताना बाई कुठे अडते, दोरीवरची चादर कशाला घासते, हे त्या आठ दिवसांत कळतं. घरचे हसतील. हसू द्या.

मांडणीत डोळ्याला काय बरं वाटतं याचे थोडे अनुभवाचे नियम आहेत. सगळ्या कुंड्या चारी बाजूंना ओळीने लावल्या की गॅलरी खोक्यासारखी आणि आणखी लहान दिसते. त्याऐवजी एका कोपऱ्यात झुपका करा, उंच मागे, मध्यम पुढे, लोंबणारं कडेला, आणि बाकीची फरशी मोकळी ठेवा. मोकळी फरशी दिसली की जागा मोठी वाटते. एक तरी झाड माणसाच्या छातीएवढं हवं. सगळी गुडघ्याएवढी असली की नर्सरीचं दुकान वाटतं. कुंड्या शक्यतो एका रंगाच्या घ्या. पांढरी, निळी, कासवाच्या आकाराची आणि फुटबॉलच्या आकाराची अशी वेगवेगळी कुंडी प्रत्येक वेळी घेतली की नजर कुंड्यांवरच अडखळते.

भिंतभर कप्प्यांच्या उभ्या बागेबद्दल विचाराल, तर नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. त्या कप्प्यात मूठ-दोन मुठी माती मावते, मेच्या उन्हात दिवसातून दोनदा पाणी मागते, आणि एकदा ठिबकची नळी तुंबली की वरची रांग सुकते नि खालची कुजते. हॉटेलच्या भिंतीवर ती छान दिसते, कारण तिथे मेलेली रोपं बदलायला माणूस येतो. वेलाने तोच हिरवेपणा एका कुंडीत मिळतो.

एक नमुना: पश्चिमेची गॅलरी

समजा पुण्यात तिसऱ्या मजल्यावर, चार बाय दहा, तोंड पश्चिमेला. दार मध्ये, डाव्या कोपऱ्यात एसी, उजव्या पुढच्या कोपऱ्यात पाण्याची जाळी. खडूच्या नकाशाप्रमाणे दीडच्या सुमारास ऊन कठड्यावरून आत येतं आणि चारपर्यंत भिंतीवर चढतं. पश्चिमेचं ऊन तिरपं येत असल्याने भिंतीजवळच्या झाडांनाही ते मिळतं, त्यामुळे जड कुंड्या मागे ठेवायला इथे अडचण नाही.

डावी बाजू एसीमुळे सोडून दिली. तिथे झाडू-बादली राहील. झुपका उजवीकडे. मागे भिंतीच्या कोपऱ्यात पंधरा इंची ग्रो बॅगेत जास्वंद, हे छातीएवढं झाड. त्याच्या पुढे बारा इंची दोन मोगरे. शेजारी एका कुंडीत गवती चहा, त्याची पाती वाऱ्यावर हलतात आणि कुंड्यांच्या कडा झाकून टाकतात. पुढे दहा इंचीत दोन मिरच्या. उजव्या ग्रीलवर गोकर्ण चढवायची. जूनमध्ये बी रात्रभर भिजवून लावलं तर पावसाळ्यातच वेल ग्रील धरते आणि पुढच्या उन्हाळ्यात खोलीत येणारं ऊनही थोडं गाळते. कठड्याच्या आतून दोन लांबट कुंड्यांत ऑफिस टाइम. दारासमोर, पण वाट सोडून, तुळस. झुपका आणि दार यांच्यामध्ये एक घडीची खुर्ची.

झाल्या दहा कुंड्या. नवीन माणसाला एवढ्या पुरे. तीस लहान कुंड्यांपेक्षा दहा मोठ्या सांभाळायला सोप्या जातात, कारण जास्त मातीत ओल टिकते. सहा इंची कुंडी मे महिन्यात दुपारपर्यंत कोरडी होते, बारा इंचीला संध्याकाळपर्यंत दम निघतो.

हीच गॅलरी उत्तरेला असती तर यातलं जवळजवळ काहीच ठेवलं नसतं. तिथे नेचे, स्पायडर प्लँट, सिंगोनियम, मनी प्लँट, स्नेक प्लँट, खायला पानांचा ओवा आणि पुदिना, ग्रीलवर नागवेल, आणि कोपऱ्यात आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते पानासारख्या खोडाचं निवडुंग. पावसाळ्यात एका रात्रीपुरतं फुलतं, पण त्या रात्री अख्खा मजला बघायला येतो. डायफेनबेकिया मात्र लहान मुलं किंवा मांजर असलेल्या घरात नको. पान चावलं तर तोंडात आग होऊन सूज येते.

कुंडी आणि माती

मातीची कुंडी दिसायला सुंदर, मुळांना हवा मिळते, पण जड असते आणि लवकर सुकते. पावसात शेवाळ धरते ते मला आवडतं, काहींना आवडत नाही. प्लास्टिकची हलकी आणि ओल धरणारी. पातळ प्लास्टिक दोन उन्हाळ्यांत तडकतं, म्हणून जरा जाड घ्या. रंगाचा रिकामा डबा स्वच्छ धुऊन, बुडाला पाच-सहा भोकं पाडून झकास कुंडी होते. सिमेंटची गॅलरीत नकोच.

खोलीबद्दल: मेथी-कोथिंबिरीला पाच-सहा इंच पुरतात, पालकाला आठ, मिरची-मोगरा-गवती चहाला दहा ते बारा, टोमॅटोला बारा-चौदा, कढीपत्त्याला पंधरा तरी. कलमी लिंबू गॅलरीत लावायचा मोह सगळ्यांना होतो. सहा तास ऊन नसेल तर काटे मिळतात, लिंबं मिळत नाहीत.

बुडाला खडी किंवा विटांचे तुकडे भरून 'निचरा' करायची जुनी पद्धत आहे. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खडीत सहज उतरत नाही, ते दोन थरांच्या सीमेवर अडकून राहतं, आणि खडीने जागा खाल्लेली असल्याने ती चिखलपट्टी मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा डासांच्या जाळीचा चौकोन ठेवला की झालं.

मातीचं मिश्रण सोपं आहे. तीन भाग लाल किंवा पोयटा माती, तीन भाग भिजवलेलं कोकोपीट, तीन भाग गांडूळखत किंवा मुरलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू, आणि दर कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. गॅलरी वरच्या मजल्यावर असेल तर मातीचा एक भाग कमी करून कोकोपीट वाढवा. शेतातली काळी माती आणायचा आग्रह गावाकडचे नातेवाईक धरतात. ती शेतात सोनं आहे, कुंडीत मात्र पावसात चिखल आणि उन्हात ढेकूळ.

कोकोपीटची पाच किलोची वीट भिजवली की साठ-सत्तर लिटर भरते, तेव्हा मोठ्या टबात भिजवा, बादलीत उतू जाईल. भिजवलेलं पाणी एकदा-दोनदा काढून टाका, कारण त्यात क्षार असतात. मिश्रण हातात घेऊन मूठ आवळा. गोळा व्हायला हवा आणि बोटाने टोचल्यावर फुटायला हवा. बोटांतून पाणी गळलं तर कोकोपीट जास्त झालं, गोळा फुटतच नसेल तर माती जास्त. कुंडी भरताना वर दोन बोटं जागा सोडा, नाहीतर पाणी घातलं की माती फरशीवर.

माती विकत घेणं जिवावर येत असेल तर कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोलकरांच्या 'प्रयोग परिवार' या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटाने रुजवलेली वाट आहे: सुका पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून कुंडीतच माती घडवायची. वजनालाही हलकी पडते. वेळ लागतो, आणि पहिल्या पावसाळ्यात चिलटं होतात, म्हणून पहिल्याच वर्षी एखाद्या कुंडीवर करून बघा.

आता नर्सरी

यादी हातात घेऊनच जा. पुण्याकडचे लोक सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनच्या पट्ट्यात गेले तर नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत. जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं, मुंबईत साधारण त्याच सुमारास राणीच्या बागेत भरतं. तिथे बघायला जरूर जा, पण प्रदर्शनातली झाडं ऐन बहरात असतात, तुमच्या गॅलरीत आल्यावर ती तशी राहणार नाहीत.

सगळ्यात जास्त फुलं असलेलं रोप उचलू नका. कळ्या असलेलं, बुंध्यातून दोन-तीन फांद्या फुटलेलं, ठेंगणं रोप घ्या. पानं उलटी करून बघा. कापसासारखे पांढरे ठिपके असले तर पिठ्या ढेकूण, शेंड्यावर हिरवे-काळे बारीक किडे असले तर मावा. पिशवीच्या बुडातून मुळं बाहेर येऊन जमिनीत गेलेली असतील तर तेही नको. घरी आणल्यावर आठवडाभर बाकीच्यांपासून वेगळं आणि सावलीत ठेवा, मग संध्याकाळच्या वेळी कुंडीत लावा.

सुरुवात कधी करावी? जून-जुलै हा जास्वंद, मोगरा, गवती चहा, वेली यांचा काळ. नुसती फांदी खोचली तरी सहज फुटते. भाज्या आणि हंगामी फुलांना गणपती आटोपल्यानंतर, ऑक्टोबरपासून. एप्रिल-मेमध्ये नवीन काही लावू नका. त्या दोन महिन्यांत खडू, वही आणि बादल्यांचं काम उरका.

रोजचं

पाणी घड्याळाकडे बघून घालायचं नाही. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर घाला, ओलं लागलं तर पुढच्या कुंडीकडे जा. घालाल तेव्हा खालून दोन थेंब येईपर्यंत, हळूहळू, सकाळी. गॅलरीतली झाडं तहानेपेक्षा लाडाने जास्त मरतात. आरओच्या यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी क्षारांचं असतं, ते फरशी पुसायला ठेवा. तांदूळ धुतलेलं पाणी चालतं.

दर तीन आठवड्यांनी मूठभर गांडूळखत वरची माती खुरप्याने हलवून मिसळा. मोगऱ्याची छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत बिनधास्त करा, एक तृतीयांश कापा, पानं उतरवा. मार्चपासून नवीन फुटव्यांवर कळ्या येतात. हात कचरला तर फुलं कमी, इतकं सरळ गणित आहे. तुळशीच्या मंजिऱ्याही खुडत जा. बी धरायला लागली की तुळस थकते. देवाचं झाड म्हणून कात्री लावायला लोक बिचकतात, पण खुडलेल्या मंजिऱ्या देवालाच वाहता येतात.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येणारच. थोडे असतील तर जुन्या टूथब्रशने घासून पाण्याची जोरदार धार मारा. वाढले तर लिटरभर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला, आठवड्याच्या अंतराने तीनदा. फुटलेल्या फांद्यांची टोकं फारच चिकट झाली असतील तर तेवढी कापून पिशवीत बांधून फेकून द्या, कुंडीतच टाकू नका.

भोपळावर्गातले वेल उंच मजल्यावर लावलेत तर मधमाश्या येतीलच असं नाही. नर आणि मादी फुलं वेगळी असतात. नर फूल तोडून मादी फुलाच्या मध्यावर सकाळी टेकवलं की फळ धरतं.

पावसाळ्यात पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या गॅलऱ्यांत पाऊस वाऱ्यासकट आत घुसतो. मुंबईत तर वर्षाचा दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस चार महिन्यांत पडतो. कुंड्या दोन फूट मागे घ्या, भोकं तुंबली नाहीत ना ते बघा, खत बंद ठेवा. कठड्याच्या भेगेत पिंपळाचं लालसर कोवळं रोप दिसलं तर बोटभर असतानाच मुळासकट काढा. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं, आणि वर्षभर दुर्लक्ष झालं तर भिंत फोडल्याशिवाय निघत नाही.

मे महिन्यात आठ-दहा दिवस गावाला जायचं असेल तर आदल्या दिवशी सगळ्या कुंड्या गॅलरीच्या सगळ्यात सावलीच्या कोपऱ्यात एकमेकींना खेटून ठेवा, भरपूर पाणी घाला आणि वर नारळाच्या शेंड्या किंवा वाळलेल्या पानांचा जाड थर पसरा. लहान कुंड्यांना पाण्याच्या बादलीतून सुती वाती लावून द्या. बादलीवर झाकण किंवा घट्ट कापड बांधा, डासांसाठी. शेजारच्या काकूंकडे किल्ली देणार असाल, तर कुठल्या कुंडीला कधी पाणी घालायचं ते कागदावर लिहून ग्रीलला अडकवा, आणि 'बोट घालून बघा, ओलं असलं तर घालू नका' हे मोठ्या अक्षरात लिहा.